तीन विषयांतून मेजर निवडताना आधी सोडायचा विषय ठरवा

एका विद्यार्थिनीच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी तासगाव तालुक्यातली, सांगलीच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. विषय केमिस्ट्री, बॉटनी आणि मायक्रोबायोलॉजी. दुसऱ्या वर्षाला जाताना यातला एक मेजर (मुख्य विषय) आणि एक मायनर (जोडविषय) घ्यायचा, तिसरा सोडायचा. घरची दोन एकर द्राक्षबाग, म्हणून वडील म्हणतात बॉटनी घे, बागेला उपयोगी पडेल. मामा म्हणतात केमिस्ट्रीला मरण नाही. मैत्रिणी मायक्रोला निघाल्या आहेत. मार्क तिन्हींत जवळपास सारखे. आणि शेवटी तिनं लिहिलंय, ‘मला नक्की काय आवडतं तेच कळत नाही. सत्र संपायला दीड महिना उरलाय.’

आवड कळत नाही यात तुझं काही चुकलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमावरून ती कळणं अवघडच असतं. त्या वर्षात निम्मी बारावीची उजळणी असते आणि उरलेली विषयाची तोंडओळख. केमिस्ट्रीत अणूची रचना, मायक्रोत सूक्ष्मदर्शकाचे भाग, बॉटनीत शैवाल आणि बुरशीचे वर्ग, एवढ्यावरून पुढची दोन वर्षं कशी जातील हे कुणालाच सांगता येणार नाही. मार्कांचाही आधार घेऊ नकोस. पहिल्या वर्षाच्या मार्कांत अंतर्गत गुणही असतात आणि ते सगळ्यांना थोडेफार सारखेच मिळतात. खरी अडचण अशी आहे की जे अजून पाहिलेलंच नाही त्याबद्दल तुला निर्णय द्यायचा आहे. त्यामुळे दीड महिन्यात दोनच कामं आहेत. तिसऱ्या वर्षात काय असतं ते आत्ता डोळ्यांनी बघायचं, आणि कोणता विषय सोडला की कोणतं दार बंद होतं ते लिहून काढायचं.

बहुतेक मुलं मेजर काय घ्यायचा यावर महिनाभर डोकं खपवतात आणि सोडायचा विषय फॉर्म भरताना पाच मिनिटांत ठरवतात. मी हे उलट करायला सांगते. 2024-25 पासून विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाची जी रचना आली, तिच्यात पहिल्या वर्षाचे तीन विषय समान वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षापासून मेजरचे क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं माप) झपाट्यानं वाढतात, मायनर साधारण वीस क्रेडिटपर्यंत जातो आणि तिसरा विषय थांबतो. मेजर आणि मायनर दोन्ही तुझ्या पदवीच्या गुणपत्रकांत दिसत राहतात. तिसऱ्याचा मागमूस फक्त पहिल्या दोन सत्रांत उरतो. पुढे एखाद्या जाहिरातीत ‘पदवीला अमुक विषय असावा’ असं आलं, तर मायनर दाखवून निदान अर्ज करता येतो. सोडलेला विषय दाखवून बहुतेक ठिकाणी काही होत नाही. ओपन इलेक्टिव्हचा (ऐच्छिक पेपरचा) इथं उपयोग नाही, कारण तो दुसऱ्या शाखेतूनच घ्यावा लागतो. कौशल्याचे छोटे कोर्सही ‘विषय’ म्हणून धरले जात नाहीत. मेजर-मायनरची अदलाबदल एक वेळ पुढच्या शिक्षणात भरून निघते, सोडलेला विषय परत आणता येत नाही.

उत्तर कशाकशावर अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण हे तू लिहिलेलं नाहीस. पहिलं म्हणजे तीन वर्षांची पदवी झाली की लगेच कमवायला लागणं भाग आहे, की एमएस्सीपर्यंत घर थांबू शकतं? दुसरं, सांगली-मिरजेच्या बाहेर, म्हणजे कुरकुंभ, लोटे, महाड अशा कारखानदारीच्या ठिकाणी किंवा पुण्याला, राहायला जायची तयारी आणि घरची परवानगी आहे का? तिसरं, स्पर्धा परीक्षा मनात आहे का, आणि असेल तर कोणती? चौथं, बारावीला गणित होतं का? या चौथ्या प्रश्नाचं मुलांना आश्चर्य वाटतं, पण पुढे एमसीएकडे (कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीकडे) वळायचं मनात आलं तर बारावीला किंवा पदवीला गणित असलेल्यांना प्राधान्य असतं. तुझ्या तीन विषयांत गणित नाही. ते बारावीलाही नसेल, तर हा रस्ता तुझ्यासाठी अवघड आहे, आणि ‘एखाद्या वेळी कॉम्प्युटरकडे जाईन’ हा विचार मेजर ठरवताना मध्ये आणू नकोस.

आता दारांकडे येऊ. इथे जरा वेळ घालवावा लागेल.

केमिस्ट्री सोडली तर सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते केमिस्ट्रीच्या बाहेरही होतं. गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत जीवशास्त्रांचा जो पेपर आहे, त्यात केमिस्ट्रीचा भाग सक्तीचा आहे. बाकी बायोकेमिस्ट्री, बॉटनी, मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी आणि फूड टेक्नॉलॉजी यांतले कोणतेही दोन निवडायचे असतात. म्हणजे मायक्रो आणि बॉटनी ठेवून केमिस्ट्री सोडलेल्या मुलीलाही ती परीक्षेसाठी स्वतःच्या बळावर पुन्हा शिकावी लागते. आयआयटींच्या एमएस्सीसाठीच्या जॅम परीक्षेत केमिस्ट्रीचा पेपर आहे, बायोटेक्नॉलॉजीचा आहे. बॉटनी किंवा मायक्रोबायोलॉजी नावाचा पेपर नाही. शिवाय मायक्रोच्या तिसऱ्या वर्षातलं एन्झाइम आणि चयापचय, किंवा बॉटनीतलं प्रकाशसंश्लेषण, हे सगळं केमिस्ट्रीच्या पायावर उभं आहे. तो पाया दुसऱ्या वर्षीच काढून घेतला की मुलं या प्रकरणांत पाठांतरावर येतात.

बॉटनी सोडली तर काय जातं? यूपीएससीच्या भारतीय वन सेवा परीक्षेला पदवीत ठरावीक विषयांपैकी किमान एक लागतो. त्या यादीत बॉटनी आहे, केमिस्ट्री आहे, झूलॉजी आहे; मायक्रोबायोलॉजी नाही. म्हणजे केमिस्ट्री हाताशी असेल तर तिथे बॉटनीवाचून अडत नाही. नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेतल्या वैकल्पिक विषयांतही बॉटनी आणि केमिस्ट्री आहेत, मायक्रो नाही. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचं असेल तर जाहिराती काढून बघ, बहुधा बॉटनी किंवा झूलॉजीची एमएस्सी आणि बीएड मागितलेलं दिसेल. शिक्षिका व्हायची ओढ असेल तर हे दार मोठं आहे. ती नसेल तर बॉटनी सोडल्याचा फटका तिघांत सर्वांत कमी बसतो.

मायक्रो सोडली तर औषध आणि अन्न कारखान्यांतल्या जंतुपरीक्षण प्रयोगशाळा, लस आणि किण्वन (फर्मेंटेशन) उद्योग, डेअरीतली जिवाणू तपासणी या जागा दूर जातात. अन्न सुरक्षा अधिकारी या पदाची पात्रता केंद्राच्या नियमांत ठरलेली आहे. मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी, फूड टेक्नॉलॉजी, डेअरी, कृषी यांची पदवी तिथे चालते, केमिस्ट्रीची मात्र पदव्युत्तर पदवी लागते, आणि बॉटनीचं नाव त्यात नाही. हे पद मनात असेल तर मायक्रो नुसती मायनर ठेवून भागेल असं धरून चालू नकोस. पदवी मायक्रोचीच असावी, हे सुरक्षित.

मायक्रोबद्दल एक गैरसमज मिरजेमुळे आपल्याकडे फार पसरलाय. एवढी हॉस्पिटलं आहेत, म्हणजे मायक्रोची बीएस्सी झाली की पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागता येईल, असं पालक धरून चालतात. हॉस्पिटलच्या लॅबला तंत्रज्ञ हवा असतो, त्यासाठी डीएमएलटीसारखा (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्राची पदविका) वेगळा अभ्यासक्रम लागतो, आणि रिपोर्टवर सही नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच असावी लागते. मायक्रोच्या बीएस्सीनंतर डीएमएलटी करून त्या वाटेनं जाता येतं, नाही असं नाही. पण तेच ध्येय असेल तर डीएमएलटी बारावीनंतरही होतं, त्यासाठी तीन वर्षं घालवायची का, हा प्रश्न आत्ताच विचारून घे.

वडिलांच्या म्हणण्याकडे वळते, कारण त्यात प्रेम आहे आणि एक चूकही आहे. बॉटनीची बीएस्सी म्हणजे बीएस्सी ॲग्री नव्हे. कृषी सेवेच्या परीक्षा आणि कृषी खात्यातली पदं कृषी पदवी किंवा कृषी पदविका मागतात. बॉटनीत खरड छाटणी, फळछाटणी, खतांचं वेळापत्रक शिकवत नाहीत. वनस्पतीची अंतर्रचना, संप्रेरकं, आनुवंशिकी, रोगशास्त्राची मूलतत्त्वं हे शिकवतात. बागेला त्याचा उपयोग होतो, पण तो समज वाढण्यापुरता. डाऊनी आणि भुरी या दोन वेगळ्या रोगांना वेगळी औषधं का लागतात हे बॉटनीवाली मुलगी नीट सांगू शकेल. फवारणीनंतर किती दिवसांनी माल तोडला म्हणजे उर्वरित अंश मर्यादेत येतो, हा प्रश्न केमिस्ट्रीचा. निर्यातीच्या द्राक्षांची रेसिड्यू तपासणी ज्या प्रयोगशाळांत होते तिथे क्रोमॅटोग्राफीची (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची) यंत्रं चालवणारी माणसं प्रामुख्यानं केमिस्ट्रीतून आलेली असतात. वडिलांना हे शांतपणे सांग. आणि कधी गावात कृषी सेवा केंद्र काढायचा विचार घरात असेल, तर कीटकनाशक विक्रीच्या परवान्याच्या पात्रतेत कृषी पदवीबरोबर केमिस्ट्री, बॉटनी किंवा झूलॉजी असलेली विज्ञान पदवीही बसते. त्यामुळे त्या बाजूनं वडिलांना काळजी नको.

इथपर्यंतचा हिशेब असा झाला की केमिस्ट्री हातातून सोडायची नाही. उरला प्रश्न तिच्या जोडीला मायक्रो की बॉटनी, आणि दोघींत मेजर कोण. तो जाहिराती वाचून सुटत नाही, त्याला तुझा स्वभाव लागतो.

स्वभाव ओळखायला ‘तुला काय आवडतं’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. मी त्याऐवजी एकाच वस्तूकडे तिन्ही विषयांतून बघायला लावते. तुझ्याकडे वस्तू घरचीच आहे. सध्या तालुक्यात बेदाणा शेड सुरू असतील. घड शेडवर घेण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. लिटरला साधारण 25 ग्रॅम कार्बोनेट आणि 15 मिली तेल. मग जाळीच्या रॅकवर दोन आठवड्यांच्या आसपास वाळवून ओलावा साधारण 15-16 टक्क्यांवर आणतात. आता बघ. ‘या पाण्यात बुडवल्यावर मण्यावरच्या मेणाचं नेमकं काय होतं, आणि कार्बोनेट कमी पडलं तर वाळायला वेळ का लागतो?’ हा प्रश्न तुझ्या डोक्यात आपोआप आला, तर ती केमिस्ट्री. ‘मण्याला मुळात हे मेण कशाला, साल आतून कशी असते, एका जातीचा मणी लांब आणि दुसरीचा गोल का?’ असं वाटलं, तर बॉटनी. ‘ओलावा 15 टक्क्यांवर थांबवला की बुरशी का येत नाही, आणि पावसाळी हवेत रॅकवर काळे डाग पडतात ते कशाचे?’ हे टोचत असेल, तर मायक्रो. तिन्ही प्रश्न चांगलेच आहेत. कुठला प्रश्न पडला की तू उत्तर शोधायला पुस्तक उघडशील, तेवढं प्रामाणिकपणे बघ.

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, त्याचंही तसंच. मणी लांबवायला बागेत जिबरेलिक ॲसिड वापरतात. ते पेशींची लांबी वाढवतं हा बॉटनीचा भाग. त्याची पूड थेट पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवतात, हा केमिस्ट्रीचा. आणि कारखान्यात ते बुरशीच्या किण्वनातून तयार होतं, हा मायक्रोचा. एका रविवारी वडिलांबरोबर बागेत आणि शेडवर फिरून असे दहा प्रश्न वहीत लिहून काढ, आणि मग त्यांच्यापुढे के, बॉ, मा अशी अक्षरं टाक. दहात सहा एका अक्षराचे आले तर तो कौल गंभीरपणे घे.

आता तिसऱ्या वर्षाचा दिवस कसा जातो ते. केमिस्ट्रीत ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल आणि ॲनालिटिकल अशा चार शाखा समोर येतात. मुलं अडकतात ती फिजिकलला. लॉगरिदम, अवकलन (डिफरन्शिएशन), संकलन (इंटिग्रेशन) आणि श्रोडिंजरचं समीकरण यांना तिथे पर्याय नाही. बारावीला गणित नसलेल्या मुलींनी हे आधीच ओळखून घ्यावं. जमत नाही असं नाही, पण दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत महिनाभर गणिताची उजळणी लागते. ती टाळली की एटीकेटी लागते, आणि लागते ती बहुतेकदा याच पेपरला. प्रॅक्टिकलला टायट्रेशन, भारमापन, सेंद्रिय संयुग ओळखणं. काम त्या दिवशीच संपतं, उत्तर त्या दिवशीच मिळतं. आकडा बरोबर आला की नाही हे लगेच कळणं ज्यांना आवडतं, त्यांना केमिस्ट्री मानवते.

मायक्रोत उत्तर उद्या मिळतं. आज जिवाणू वाढवायचं माध्यम बनवायचं, 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाखाली) निर्जंतुक करायचं, ज्योतीजवळ बसून त्यात जिवाणू सोडायचे (इनॉक्युलेशन), 37 अंशांवर 24 तास ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी वाढ बघायला यायचंच. काही चाचण्या चार-पाच दिवस चालतात. एका क्षणाची निष्काळजी आणि प्लेटवर भलतंच काहीतरी उगवतं, मग सगळं पहिल्यापासून. हा विषय हुशारीपेक्षा शिस्त जास्त मागतो. तुझं गाव सांगलीपासून लांब असेल आणि एसटीवर अवलंबून असशील, तर हेही हिशेबात धर, कारण प्रॅक्टिकल तीन तासांत आटपून घरी जाणं नेहमी होत नाही. सिद्धान्ताचा भाग म्हणजे इम्युनॉलॉजी, आनुवंशिकी आणि रेणवीय जीवशास्त्र. वाचायला फार रंजक, पण नावं आणि साखळ्या भरपूर.

बॉटनीत हाताचं कसब लागतं. ब्लेडनं देठाचा इतका पातळ छेद घ्यायचा की पेशींचा एकच थर दिसावा, आकृत्या काढायच्या, कुळं ओळखायची, हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) करायचं. वर्गीकरणाला स्मरणशक्ती हवी. आणि एक जमेची बाजू अशी की आपल्याकडे ही प्रयोगशाळा छपराबाहेर पसरलेली आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात कासच्या पठारावर सहल जाते तेव्हा शेवटच्या बाकावर बसणारी मुलं कातळावर पालथी पडून भिंगानं फुलं बघताना दिसतात. पावसात भिजून चिखलात उभं राहून तुला आनंद होत असेल, तर बॉटनीला हसण्यावारी नेऊ नकोस. फक्त एवढं माहीत असू दे की बॉटनीच्या निव्वळ बीएस्सीवर खाजगी नोकरी मिळणं तिघांत सर्वांत अवघड आहे. टिश्यू कल्चर लॅब, रोपवाटिका, बियाणं कंपन्या आहेत, पण त्यांत कृषी पदवीधरांशी स्पर्धा होते. बॉटनी घ्यायची तर एमएस्सी आणि पुढे बीएड किंवा नेट-सेट (प्राध्यापक पदाच्या पात्रता परीक्षा) अशी वाट डोळ्यांसमोर ठेवूनच घ्यावी.

नोकरीचं बोलतच आहोत तर सरळ सांगते. तीन वर्षांनी लगेच कमवायचं असेल तर केमिस्ट्री मेजरला आपल्या भागात तुलनेनं लवकर जागा मिळते. साखर कारखान्यांत लॅब केमिस्ट लागतात. रसातल्या साखरेची मापं, म्हणजे ब्रिक्स, पोल, प्युरिटी काढायची, चुना टाकल्यावर पीएच सांभाळायचा, काम तीन पाळ्यांत. पण बरीच पदं हंगामी असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप सुरू झालं की बोलावतात आणि मार्च-एप्रिलला गाळप संपून पट्टा पडला की थांबवतात. मुलींना रात्रपाळीवर घेण्याबाबत प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी, ते आधी विचारावं. कायम स्वरूपाच्या गुणवत्ता नियंत्रणाच्या जागा औषध आणि रसायन कारखान्यांत जास्त, आणि ते कारखाने जास्त करून कुरकुंभ, लोटे, महाड या पट्ट्यांत आहेत. म्हणून दुसरा प्रश्न विचारला होता. घर सोडता येत नसेल तर ‘केमिस्ट्रीला मरण नाही’ हे मामांचं वाक्य सांगलीत अर्धंच खरं ठरतं.

दीड महिन्यात नेमकं काय करायचं ते आता. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तिन्ही विषयांचा पाचव्या आणि सहाव्या सत्राचा अभ्यासक्रम उतरवून घे. फक्त घटकांची शीर्षकं आणि प्रॅक्टिकलची यादी वाच. जिथे उत्सुकता वाटते तिथे बरोबरची खूण, जिथे पोटात गोळा येतो तिथे फुली. तुझं कॉलेज स्वायत्त असेल तर विद्यापीठाचा नव्हे, कॉलेजचा स्वतःचा अभ्यासक्रम बघ. ही चूक दरवर्षी कुणीतरी करतं. मग ग्रंथालयातून तिसऱ्या वर्षाच्या मागच्या प्रश्नपत्रिका काढ. उत्तरं येणार नाहीत, येऊही नयेत. प्रश्न वाचून ‘हे शिकायला मिळालं तर बरं’ वाटतं का, एवढंच बघायचं.

त्यानंतर तिन्ही विभागप्रमुखांना भेटून तिसऱ्या वर्षाच्या एकेका प्रॅक्टिकलला मागे उभं राहायची परवानगी माग. सहसा नाही म्हणत नाहीत. पूर्ण तीन तास थांब, अर्ध्या तासात निघू नकोस. कंटाळा येतो का, हेच तर बघायचंय. तिथल्या मुलींना ‘विषय कसा आहे’ असं विचारलंस तर ‘चांगला आहे’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचार, ‘मागच्या आठवड्यात सगळ्यात वैताग कशाचा आला?’ आणि ‘तुमच्या मागच्या बॅचमधल्या पाच जणी आत्ता कुठे आहेत?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विभागातले लॅब असिस्टंट सगळ्यात खरं देतात, कारण दाखले आणि जुनी जर्नलं न्यायला मुलं त्यांच्याकडेच येतात.

आणि वीस जाहिराती गोळा कर. दहा नोकऱ्यांच्या, दहा एमएस्सी प्रवेशाच्या. प्रत्येकीतलं पात्रतेचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरव. ‘मेजर’ किंवा ‘मुख्य विषय’ म्हटलंय की ‘एक विषय’ म्हटलंय, हा शब्द अधोरेखित कर. बहुतेक जुने नियम नव्या मेजर-मायनर रचनेच्या आधीचे आहेत, त्यामुळे एमएस्सीला मायनरवर प्रवेश मिळेल असं गृहीत धरू नकोस. ज्या विषयात एमएस्सी करायची शक्यता जास्त, तो मेजर असावा, हा साधा नियम पाळ.

माझं मत विचारशील तर असं. एमएस्सीपर्यंत थांबता येत असेल, रोज प्रयोगशाळेत वेळ देता येत असेल आणि दहा प्रश्नांत ‘मा’ जास्त आले असतील, तर मायक्रो मेजर, केमिस्ट्री मायनर. तीन वर्षांनी कमाई हवी असेल, किंवा अजूनही मन दोन्हीकडे ओढत असेल आणि गणिताची धास्ती नसेल, तर केमिस्ट्री मेजर, मायक्रो मायनर; अन्न आणि औषध उद्योगांत ही जोडी दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. शिकवायची किंवा वनसेवेची मनापासून इच्छा असेल, तर बॉटनी मेजर, केमिस्ट्री मायनर, आणि मायक्रो सोडायची. मायक्रो-बॉटनी ठेवून केमिस्ट्री सोडणं मी सुचवणार नाही, फिजिकल केमिस्ट्रीचा कितीही त्रास होत असला तरी. मायनरला फिजिकलचा भार मेजरपेक्षा बराच कमी असतो, तेवढा निभावता येतो. मैत्रिणी कुठे चालल्यात याला मी शून्य मार्क देते. दुसऱ्या वर्षी बॅचेस पडल्या की एका विषयातल्या मैत्रिणीही वेगवेगळ्या दिवशी प्रॅक्टिकलला जातात.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात तीन गोष्टी विचारून घे. मेजरला जागा किती, आणि जास्त अर्ज आले तर निवड कशावर. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या मार्कांवर, म्हणजे या सत्राचा अभ्यास सोडून निर्णयाच्या मागे लागू नकोस. तो विषय अनुदानित आहे की विनाअनुदानित. मायक्रो पुष्कळ कॉलेजांत विनाअनुदानित असते आणि फी बरीच जास्त पडते, तेव्हा उरलेल्या दोन वर्षांचा आकडा लिहून घरी दाखव. आणि तुला हवी असलेली मेजर-मायनरची जोडी वेळापत्रकात बसते का. विभाग दोन्ही असूनही प्रॅक्टिकलच्या वेळा आदळतात म्हणून काही जोड्या दिल्याच जात नाहीत. हवा तो मेजर मिळाला नाही तर दुसरी पसंती काय, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेव, म्हणजे खिडकीपाशी रांगेत उभं राहून ठरवावं लागणार नाही. तिसऱ्या वर्षी चार क्रेडिटचं, म्हणजे 120 तासांचं, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असतं. कारखाना, डेअरी की रेसिड्यू लॅब, हे त्या विभागाच्या ओळखीवर ठरतं. मागच्या वर्षीची मुलं कुठे पाठवली होती, तेही विभागप्रमुखांना जाता जाता विचार.